जोगेश्वरीचा सर्व्हर आणि रविवारची सुट्टी

अकरा आणि चार.

कबुतराचं पीस, राखाडी. पुरावा क्रमांक दोन. (पुरावा क्रमांक एक केर काढताना गेला.)

रविवारी काहीही येत नाही.

तिसऱ्या मजल्यावरचा अनिरुद्ध चौकशीच्या वेळी दोनदा जांभई देतो. का?

"मी, चंद्रप्रकाश. मुंबई उपनगरांतला बहुधा एकमेव घरगुती सायबर गुप्तहेर. तीक्ष्ण नजर, थंड डोकं, सहा दिवसांचं ऑनलाइन प्रमाणपत्र. गुन्हेगार माझं नाव ऐकून थरथरत नाहीत, कारण त्यांना ते अजून कळलेलं नाही."

धने संपले.

ही सगळी एकाच वहीतली टिपणं. वही माझ्या नवऱ्याची, शेवटची ओळ माझी. हाताशी दुसरा कागद नव्हता. मी जान्हवी, त्याची बायको आणि त्याच्या म्हणण्यानुसार त्याची सहायक. नेमणूकपत्र मिळालेलं नाही, त्यामुळे राजीनामा कुणाकडे द्यायचा हेही ठाऊक नाही.

चंद्रप्रकाश पोटापाण्यासाठी एका लिफ्ट कंपनीत तक्रारी लिहून घेतो. महिन्याभरापूर्वी त्याला साक्षात्कार झाला की आपली खासगी पत्रं परक्या कंपन्यांच्या संगणकांवर पडून असतात. ती खासगी पत्रं कोणती, हे मी विचारलं नाही. त्याला एक विमा एजंट आणि एक चष्म्याचं दुकान सोडलं तर कुणी लिहीत नाही. तरीही त्याने तळहाताएवढा एक संगणक आणला, चकल्यांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून त्यात बसवला, आणि जाहीर केलं की आजपासून या घराचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे. डबा खिडकीपाशी ठेवला, कारण इंटरनेटची वायर तिथपर्यंतच पोचत होती. खिडकीपाशी माझे सासरे, भाऊराव, म्हणजे आबा बसतात. त्यांना शेजार मिळाला.

याच सुमारास मी पार्ल्याच्या एका कॉलेजात ग्रंथालयातल्या जागेसाठी अर्ज केला. बारा वर्षं मी घरी होते. अर्जात मी माझा जुना मेलचा पत्ता लिहिणार होते, पण सायबर गुप्तहेराच्या बायकोने परक्या पत्त्यावरून अर्ज करणं बरं दिसत नाही, असं ऐकायला मिळालं. म्हणून मी घरचा नवाकोरा पत्ता दिला. आयुष्यातली ही माझी दुसऱ्या क्रमांकाची चूक. पहिली माझ्यासमोर खुर्चीत बसून वायर सोलत होती.

मुलाखतीचं बोलावणं फोनवर आलं. मुलाखत चांगली झाली. मग काहीच झालं नाही. मी रोज मेल उघडत होते आणि रोज ती रिकामी होती. सोमवारी सकाळी कॉलेजात फोन केला तेव्हा तिथल्या कारकुनाने सांगितलं की निकालाचं पत्र मागच्या बुधवारीच गेलंय, फोनवर कुणाची निवड झाली ते सांगता येत नाही, आणि निवड झालेल्याने मंगळवारी पाचच्या आत होकार कळवला नाही तर यादीतल्या पुढच्या नावाला जागा जाणार. माझ्या विनंतीवरून त्याने पत्र पुन्हा पाठवलं, अगदी फोन चालू असताना. तेही आलं नाही.

चंद्रप्रकाशने दोन दिवसांची रजा टाकली. त्याच्या डोळ्यांत जी चमक होती ती माझ्या मुलाखतीच्या दिवशीही मी पाहिली नव्हती.

पहिला संशय उत्तर युरोपातल्या टोळीवर गेला. सर्व्हरच्या नोंदीत एक आकडा पुन्हा पुन्हा दिसत होता. दीड तासाच्या पाठलागानंतर तो आकडा आमच्याच राउटरचा निघाला. टोळी सुटली.

दुसरा संशय कबुतरांवर. गच्चीतल्या वायरवर ती बसतात आणि पत्र 'अर्धवट दाबलं जातं'. हा शब्दप्रयोग वहीत अधोरेखित आहे. तो गच्चीवर गेला आणि पीस घेऊन परत आला.

तिसरा, अनिरुद्ध. त्याला बोलावून सोफ्यावर बसवलं आणि पंखा बंद केला. अनिरुद्ध सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "चंदू, माझी ड्रिल मशीन दे ना यार. डब्याला भोकं पाडून झाली ना तुझी?" चौकशी तिथेच आटोपली.

मंगळवारी दुपारपर्यंत मात्र त्याने खरंच काहीतरी शोधलं. त्याच्या स्वतःच्या मेल, म्हणजे विमा आणि चष्मा, दिवसातून दोनदाच येत होत्या. अकराला आणि चारला. रविवारी एकही नाही. मध्ये एक सरकारी सुट्टी येऊन गेली, त्या दिवशीही नाही.

"गुन्हेगार नोकरदार आहे," तो भिंतीला म्हणाला. "वेळेचा पक्का. रविवारी सुट्टी. म्हणजे सरकारी माणूस."

पहिल्या मजल्यावरचे नंदकुमार महापालिकेत आहेत. त्यांचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवरून काढून त्याने कपाटावर चिकटवला. मी घड्याळाकडे पाहिलं. सव्वातीन झाले होते. मनातल्या मनात मी पुढच्या नावाला शुभेच्छा देऊन टाकल्या.

आबांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. तपासात ज्येष्ठ नागरिक नकोत, ते बाहेर बोलतात, असा आदेश होता. पण आबांची बहीण, मालनआत्या, नेमकी त्या दुपारी मालाडहून आली. तिने चहा घेतला, कपाटावरच्या नंदकुमारांकडे पाहिलं. मग खिडकीकडे वळून म्हणाली, "दादा, ह्या डब्याकडे बसान तू करतस तरी काय?"

"टपाल बघतंय," आबा म्हणाले. "अकराची डाक गेली. चारची व्हायची आसा."

आबांनी टपाल खात्यात चौतीस वर्षं पत्रं निवडली. सर्व्हर बसवताना प्रोग्रामने देखरेखीसाठी एक नाव मागितलं होतं, आणि आबा मध्ये मध्ये प्रश्न विचारून डोकं खातात म्हणून चंद्रप्रकाशने त्यांचंच नाव टाकून, जुना लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवून दिला होता. येणारी प्रत्येक मेल आधी त्यांच्याकडे थांबत होती. ते एक बटण दाबून ती पुढे सोडत होते. दिवसातून दोनदा. रविवार आणि सुट्ट्या सोडून.

"आबा," मी म्हटलं, "माझ्या नावाचं काही आलंय?"

"कॉलेजची दोन पत्रं आहेत. पण पत्ता अपुरा. नुसतं जान्हवी. आडनाव नाही, खोली नंबर नाही. या इमारतीत तीन जान्हवी आहेत, सूनबाई. तू, दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई आणि नंदकुमारची धाकटी. कुणाचं म्हणून देऊ?"

"मग माझ्या मेल कशा सोडल्यात? त्यांवरही नुसतं चंद्रप्रकाशच असतं," नवऱ्याने खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"चंद्रप्रकाश या इमारतीत एकच आहे," आबा म्हणाले. त्यात कौतुक नव्हतं. "अपुऱ्या पत्त्याचं टपाल सात दिवस ठेवायचं, मग साभार परत. पहिलं उद्या परत गेलं असतं."

"घरात दोन दिवस गोंधळ चाललाय, आबा."

"तुम्ही हॅकर शोधत होतात. पत्र हरवलंय असं मला कुणी सांगितलंच नाही."

"उघडून बघितलं असतंत तरी कळलं असतं, कुणाचं आहे ते."

आबांनी चष्मा काढला. "दुसऱ्याचं पत्र मी उघडू?"

मी पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी ओळखपत्र मागितलं. सतरा वर्षं ज्यांना मी सकाळचा चहा देते त्यांच्यापुढे मी माझं आधार कार्ड धरलं. त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि आपल्या डाकेच्या वहीत माझी सही घेतली. मग बटण दाबलं.

माझी निवड झाली होती.

चंद्रप्रकाश म्हणाला की होकार आपल्याच सर्व्हरवरून जाऊ दे, इतिहास घडेल. आबा म्हणाले, जाणारं टपालही चारलाच निघेल. माझा आता कुठल्याच मेलवर विश्वास उरला नव्हता. मी चपला घातल्या, होकार कागदावर लिहिला आणि रिक्षा पकडली. साडेचारला पार्ल्याच्या कॉलेजात मी तो कागद कारकुनाच्या हातात दिला. त्याने त्यावर शिक्का मारला आणि नोंदीसाठी माझं पूर्ण नाव विचारलं. मी ते जरा जास्तच मोठ्याने सांगितलं असावं, कारण शेजारच्या टेबलावरच्या बाई वळून बघायला लागल्या.

घरी आले तेव्हा वहीत नवी नोंद होती: "गुन्हेगार वेळेचा पक्का, रविवारी सुट्टी घेणारा सरकारी माणूस. निदान शब्दशः खरं ठरलं. प्रकरण मीच उलगडलं." कपाटावर नंदकुमार अजून तसेच होते. मालनआत्या जेवायला थांबली होती.

सर्व्हर सुरू झाला त्या पहिल्या दिवशी आबांनी मला एक मेल पाठवली होती, तिची स्थळप्रत त्यांच्याकडे आहे: "आपण कोणत्या जान्हवी? पूर्ण नाव व खोली क्रमांक कळवावा." चाचणीची मेल समजून मी ती न वाचता पुसून टाकली होती.