दानात गेलेली सुई

दुपारचे साडेबारा. ताटात पुरणपोळी, कुरडई, भजी आणि वाटीत आमरस. जेवायला बसायचं सोडून पुंडलिकराव स्वयंपाकघरात रिकाम्या तिवईकडे डोळे फाडून बघत होते.

"माझं मडकं कुठी गेलं?"

वर्षभर कारल्याची भाजी त्यांनी मुकाट्याने गिळली ती अक्षय तृतीयेच्या या एका वाटीसाठी. पण बायकोचा, कुसुमबाईंचा, कायदा पक्का होता: शुगरची सुई घेतल्याशिवाय रस नाही. आणि सुईचं औषध होतं त्या मडक्यात. आर्वीत पारा पंचेचाळीसवर आणि नेमका परवा फ्रिज बंद पडला. उन्हाने औषध बिघडतं, म्हणून डॉक्टरांनीच सांगितलं होतं की मडक्यात ओली वाळू भरा, त्यात औषधाची डबी ठेवा आणि वर ओलं फडकं बांधा.

सून अंकिताचा चेहरा उतरला. सासरी तिचा हा पहिलाच सण. "मामाजी, नवं मडकं, वरून ओलं फडकं, वजन बी होतं. मले वाटलं, पितरांच्या नावानं दान द्याचं पाणी भरून ठेवलं. बाजूच्या देवका काकूले देऊन आली मी."

"दान? पितराइले कायले पायजे सुई? माया बापाले कुठी शुगर होती!"

सणामुळे औषधाचं दुकानही बंद. पुंडलिकरावांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि ते सुटलेच. मागून कुसुमबाई ओरडल्या, "अवो, थांबा! सकाळची सुई घेतली अन् रसासाठी नाश्ता सोडला तुमी! डॉक्टर म्हणे ना, उन्हात सुई लवकर चढते, शुगर धाडकन पडते!"

ऐकतो कोण! शेजारच्या गल्लीतल्या देवकाबाई दारातच भेटल्या. "तीन घरून तीन मडके आले, भाऊ. तुमचं बस स्टँडच्या पाणपोईले देल्लं. पुण्य तुमालेच लागन!"

पुण्याला हात जोडून पुंडलिकराव स्टँडकडे धावले. पाणपोईवाला आदेश त्याच मडक्यातून प्रवाशांना पाणी पाजत होता.

"वाळू? ते रांजणाखाली टाकली, काका. थंड राह्यते. डबी बी तिच्यातच असन."

पुंडलिकरावांनी दोन्ही हातांनी वाळू उपसली. डबी सापडली! त्यांनी ती उंच धरून आरोळी ठोकली आणि लगेच मटकन खाली बसले. घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, एकाचे तीन आदेश दिसू लागले.

तेवढ्यात देवकाबाईंना विचारत आलेल्या कुसुमबाई आणि अंकिताचा ऑटो थांबला. कुसुमबाईंनी धावत येऊन बोट टोचलं. मशीनवर आकडा आला अठ्ठावन्न.

"आता सुई नाई! पयले गोड द्या!"

अंकिताने हातातला डबा उघडला. घाईत तिने समोर दिसलं ते गोड उचललं होतं. आमरस! पुंडलिकरावांनी गिलासभर रस एका दमात संपवला. ना सुई, ना वाटीचं माप. असा सण त्यांच्या नशिबी दहा वर्षांत आला नव्हता.

पंधरा मिनिटांनी त्यांनी गिलास पुन्हा पुढे केला. "हात अजून थरथरून राह्यला, कुसुम."

कुसुमबाईंनी पुन्हा बोट टोचलं. एकशे बारा. "काऊन हालवता मंग हात? चाला घरी. सुई घ्या अन् जेवा. रस झाला तुमचा." डब्याचं झाकण खट्कन लागलं.

ऑटोत अंकिता रडवेली होऊन बसली होती. पुंडलिकराव तिच्याकडे झुकले आणि बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "पोरी, मी ओरडलो ते मनावर नको घेजो. फक्त पुढच्या वर्षी मडकं शेजारी नको देजो. थेट तिकडं दूरच्या वडनेर गावाले पाठवजो. तेवढा पल्ला धावल्यावर रसाचे दोन गिलास तं लागनच."