जादाचे गणूनाना

चार माणसांनी मिळून एखादी गोष्ट संपली असं ठरवलं, की गणूनाना उभे राहत आणि म्हणत, "एक जादाचं ठेवूया की."

कशाचंही. देवळात कीर्तन संपून बुवा उपरणं आवरू लागले की नाना पुढे, "बुवा, एक जादाचा अभंग हू दे." कुस्त्यांचं मैदान संपून लोक धोतराची माती झटकत उठले की नाना हलगीवाल्याला थांबवत आणि दोन अनोळखी पोरांना लांग चढवायला लावत. आमच्या शाळेच्या संमेलनात हेडमास्तरांचं भाषण एकदाचं आटपलं, लोकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, एक जादाचं." हेडमास्तरांना भरून आलं. ते परत सुरू झाले. त्या दिवशी नाना धडपणी घरी पोचले, यावरून कोल्हापूरकर दिसतात तितके तापट नसावेत.

नाना शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. उंच, वाळलेले, काळी टोपी, पांढरा सदरा. सदऱ्याला गुळाचा वास इतका मुरलेला, की बाजारातल्या माश्या गूळ सोडून त्यांच्याबरोबर गावभर हिंडत. नाना त्यांना कधी हाकलत नसत.

माझी त्यांची गाठ पडली ती शाळेच्या मैदानाच्या किल्लीमुळं. मी मराठी शिकवत असे. नवा होतो, त्यामुळं कुणालाच नको असलेली ती किल्ली हेडमास्तरांनी माझ्या गळ्यात मारली होती. एका शनिवारी नाना दारात.

"मास्तर, ऐतवारी मैदान मोकळंच असतंय न्हवं?"

"असतं."

"मग पोरांच्या जादा मॅची घेतो की. तुम्ही फकस्त फाटक उघडायचं."

मी फाटक उघडलं, आणि त्यानंतर माझा एकही रविवार माझा राहिला नाही.

बाहेरगावच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे पेठ तिथं तालीम, आणि तालीम तिथं फुटबॉलची टीम. सकाळी लाल माती, संध्याकाळी चेंडू. तालमीचा जो वस्ताद, तोच टीमचा मालक, मग त्याला फुटबॉल कळो न कळो. पण खेळत ते मिसरूड फुटलेले. संस्थान होतं तोवर दरबारातून कधी ढाल मिळे, कधी कप. संस्थान विलीन झाल्यावर थोरल्यांच्याच मॅची कशाबशा होऊ लागल्या, तिथं पोरांना कोण विचारतो? पोरं गोलच्या मागं उभी राहून बाहेर गेलेला चेंडू आणून देत. नानांचं लक्ष नेमकं तिकडं.

"चेंडू परत देताना त्यांची तोंडं बघा मास्तर," नाना म्हणाले. "घरातली भाकरी पावण्याच्या ताटात वाढल्यागत देत्यात."

मी बघितली. नाना म्हणत होते ते खरं होतं.

मग काय, थोरल्यांची स्पर्धा वर्षातून एकदा, नानांची दर रविवारी. कुठल्याच टीमनं न घेतलेल्यांची एक. बूट नसलेल्यांची एक. सबंध गावात बूट असलेला पोरगा म्हणजे वकिलांचा, तो बूट फाटकाबाहेर काढून ठेवून आला आणि मॅचभर बुटांकडंच बघत राहिला. मध्यंतरात नानांनी पहिलवानांची बदामाची थंडाई आणली, तर उत्तरार्धात निम्मी टीम पेंगली. तेव्हापासून गूळ-शेंगदाणे.

नानांना फुटबॉलचे नियम ठाऊक होते, पण मन कुस्तीतलं. बरोबरी त्यांना सोसत नसे. "कुस्ती निकाली हुतीया, मग मॅच का न्हाई?" गोल होईस्तोवर खेळ चालायचा. यातून एकदा फार पंचाईत झाली. सगळीकडं हरलेल्या पोरांसाठी त्यांनी एक कप ठेवला. नियम असा, की जी टीम जिंकेल ती पुढच्या खेपेला बाद, कारण ती आता हरलेली राहिली नाही. पोरांना खेळायचं होतं, कप नको होता. त्यामुळं फायनलला दोन्ही टीमनी गोल न मारण्याची पराकाष्ठा केली. चेंडू मोकळ्या गोलाशी जाऊन परत येई. ऊन उतरलं, दिवेलागण झाली. शेवटी एका गोलकीपरच्या आईनं मैदानात येऊन त्याला कानाला धरून जेवायला नेलं, आणि चेंडू घरंगळत आत गेला. समोरच्या टीमची पोरं कप घेऊन रडत घरी गेली.

पण नानांची खरी हौस म्हणजे उंचीची मॅच. दोन बांबू रोवून आडवी दोरी, दोरीला बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ. पोरानं खालून ताठ चालत जायचं. माळ वाजली की बाद. गुडघे वाकवणाऱ्या बहाद्दरांसाठी नाना मागं छडी घेऊन उभे. अशानं लहान चणीच्या पोरांना लहानच भेटत, आणि थोरल्यांच्या कोपरांचा मार वाचे. त्या मॅचीला गर्दी लोटू लागली आणि तिथंच घात झाला. आमच्या पेठेला आणि पलीकडच्या पेठेला तिच्यात रस वाटू लागला. पेठांची नावं सांगत नाही. मला अजून याच गावात राहायचं आहे.

आमच्या पेठेच्या टीमचा जीव म्हणजे शिरप्या. उंची बेतात, पण डोक्यावर केसांचं टोपलं. पहिल्या रविवारी त्या टोपल्यानं माळ वाजवली आणि शिरप्या बाद. आमचे बाळू वस्ताद घरी जाऊन जेवले नाहीत म्हणतात. शुक्रवारी त्यांनी न्हाव्याला तालमीत बोलावलं. एकट्या शिरप्याचे केस काढले तर बरं दिसायचं नाही, म्हणून सबंध टीमचा गोटा केला.

शनिवारी सकाळच्या शाळेत प्रार्थनेला एका ओळीत तेवढी तुळतुळीत डोकी बघून हेडमास्तरांचा चेहरा पडला. पोरांच्या डोक्यावरचे केस गेलेले म्हणजे घरातलं कुणीतरी गेलं, हे कुणालाही कळतं. आणि इतक्या घरांतून एकदम म्हणजे साथच. त्यांनी सगळ्या शाळेला मान खाली घालून शांत उभं केलं. मग गंभीर आवाजात शिरप्याला विचारलं, "बाळ, कोण गेलं?"

"कोन न्हाई सर," शिरप्या म्हणाला. "उद्या मॅच हाय."

रविवारी शिरप्या दोरीखालून गेला. माळ हलली नाही. आमच्या पेठेनं शिट्ट्या मारल्या, आणि पलीकडच्या पेठेचे दाजी वस्ताद मैदानात उतरले.

"गेल्या ऐतवारी वाजला, त्यो ह्या ऐतवारी कसा वाजत न्हाई? पोरगं हप्त्यात खाली वाढलं व्हय?"

"केस काढल्यात की वो," बाळू वस्ताद म्हणाले.

"केसासकट मानूस असतोय."

"उंची हाडाची असतीया."

"मग हाडं मोजायला कातडं बी सोला की."

यापुढचं संभाषण हातांनी झालं. बाह्या वर गेल्या, फेटे सुटले, बांबू उपटले गेले. मोठमोठी मिशाळ माणसं एकमेकांना लोळवत होती आणि दोन्ही टीमची पोरं कडेला शेजारीशेजारी बसून गूळ-शेंगदाणे खात बघत होती. नाना मध्ये शिरले, दोन्हीकडचा मार खाल्ला आणि टोपी हरवून बाहेर आले. संध्याकाळी दोन्ही तालमींनी निकाल दिला: आमचं एकही पोरगं यापुढं त्या मैदानावर पाय ठेवणार नाही. हेडमास्तरांनीही फाटकाला कुलूप घालायला सांगितलं.

मला माझे रविवार परत मिळाले. आमच्या मंडळींनी ते लगेच दळणाला आणि माळा साफ करायला लावले. अशाच एका रविवारी दळण घेऊन जाताना बघतो तो नाना बंद फाटकापाशी बसलेले, मांडीवर गुळाचं पुडकं.

"नाना, बंद आहे."

"ठावं हाय. पायास्नी सवय झालीया, ते आणत्यात." त्यांनी पुडक्याची सुतळी सोडली आणि परत बांधली. "मास्तर, थोरल्यांचं भांडान वर्षानं मिटलं तरी थोरल्यांचं काय जातंय? पोरं तवर वाढत्यात. पुन्हा काय ती दोरीखालनं जायची न्हाईत."

मला दळणाचा डबा एकदम जड लागला. मी खाली ठेवला आणि विचारलं, "मग करायचं काय?"

नाना करतच होते. रोज अडत बंद झाली की ते एकदा बाळू वस्तादांकडं आणि एकदा दाजी वस्तादांकडं जाऊन बसत. दोघेही बोलायला तयार होते, पण अट एकच: त्यानं आमच्या पेठेत यायचं. दोघांनीही मेलो तरी तिकडं पाऊल टाकणार नाही असं सांगून ठेवलेलं. शेवटी नाना दोघांनाही म्हणाले, "मग माझ्याकडं या. मटण करतो." भांडणापायी मटण सोडणारा माणूस आमच्याकडं अजून जन्मायचा आहे. दोघंही हो म्हणाले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की नाना राहतात कुठं हेच मला ठाऊक नाही. मैदानावरून ते नेहमी सगळे गेल्यावर निघत.

मी जरा आधीच गेलो. अडतीच्या मागं, गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्पीला लागून एक खोली. खिळ्याला दुसरा सदरा. एका कोपऱ्यात पंक्चर झालेले चेंडू, घुंगरमाळ, बक्षिसाचे फेटे, सगळं नीट मांडलेलं. दुसऱ्या कोपऱ्यात चूल, एक ताट, एक तांब्या. नाना तांबड्या रश्शाचं पातेलं ढवळत होते आणि त्यांच्या कपाळाला घाम होता.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "घरी पावणं आलं की आदी काय द्यायचं असतंय?"

इतक्या मॅची भरवणारा माणूस, आणि त्याच्या घरी आजवर कुणी आलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी "पाणी" म्हणालो आणि आमच्या घरून ताटं-वाट्या आणायला पळालो.

वस्ताद आले. दोघं एकमेकांकडं पाठ करता येईल तेवढी करून बसले. दाराबाहेर दोन्ही पेठांची पोरं येऊन उभी राहिली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण निकाल त्यांचा लागायचा होता. पहिली वाटी दोघांनी मुकाट प्यायली. पांढऱ्या रश्शाच्या वेळी पाठी जरा वळल्या. तिसऱ्या वाढपाला दाजी वस्ताद भिंतीला बोलल्यागत म्हणाले, "केस काढायचं तर समद्यांनी काढावं. आमच्या बी पोरांचा गोटा करतो. मग हुंद्या मॅच."

"हुंद्या की," बाळू वस्ताद भाकरी मोडत म्हणाले. "केसापायी किती ताणायचं?"

दाराबाहेर आरोळी उठली आणि लगोलग पलीकडच्या पेठेच्या पोरांनी आपापली डोकी चाचपली. पोटात मटण आणि मिटलेलं भांडण, म्हटल्यावर सगळे सैल झाले. दाजी वस्तादांनी सहज विचारलं, "नाना, पर तुम्ही कुठल्या पेठेचं?"

"कुठल्याच न्हाई. गगनबावड्याकडचा. ल्हान हुतो तवा मामानं ह्या अडतीवर आणून सोडलं. तवापास्नं हितंच."

"मग लगीन?"

"ऱ्हायलं की."

"आनि फुटबॉल कधी खेळला न्हाईसा?"

"गेलतो एकदा तालमीत. कुठल्या पेठेचा म्हणून इचारलं. मी म्हटलं, बाजारातला. तर म्हणालं, मग बाजारात खेळ जा." नाना हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

"कुठली तालीम?" बाळू वस्तादांनी विचारलं.

"आता कशाला ते," नाना म्हणाले आणि रस्सा वाढू लागले. दोन्ही वस्ताद आपापल्या ताटात बघत बसले, कारण दोघांनाही आपल्या तालमीची खात्री देता येत नव्हती.

मग बाळू वस्तादांनी घसा खाकरला. "आजपास्नं नाना आमच्या पेठेचं."

"त्ये का म्हणून?" दाजी वस्ताद म्हणाले. "आमच्या निम्म्या पोरांस्नी त्यांनी उभं केलंय. नाना आमचं."

"शाळंचं मैदान आमच्या हद्दीत हाय."

"मैदानात काय झोपत्यात व्हय? तालमीच्या गणपतीला पहिलं पान नानांचं, आमच्याकडं."

"पान काय घिऊन बसलाय? उद्या नाना गेलं तर पहिला खांदा आमच्या तालमीचा."

"खांदा? आमच्या आदी हात तर लावून दावा."

नाना अजून मध्येच बसलेले, हातात पळी. बाह्या परत वर जाऊ लागल्या. दाराबाहेरच्या पोरांचे चेहरे उतरले. आता कुलूप तसंच राहतंय, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. इतक्या दिवसांची सगळी मेहनत मातीत जाणार म्हणून मी मध्ये पडायला घाईनं उठलो. तेवढ्यात माझं धोतर कुणीतरी मागून धरलं. बघतो तर नाना. डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू.

"बसा मास्तर," ते म्हणाले. "भांडू द्या की जरा."