पुराव्याला हात लावू नका

कंपन्यांशी भांडावं कसं, हे ज्याला शिकायचं असेल त्यानं माझ्याकडे यावं. फी घेणार नाही. मी तक्रारींच्या फोनवरच काम करते. निरनिराळ्या कंपन्या आपापल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं काम आमच्या ऑफिसकडे सोपवतात. म्हणजे पंखा एकाचा, गीझर दुसऱ्याचा आणि शिव्या खायला आम्ही. त्यात मी आता वरिष्ठ झालेय. 'मला तुमच्या वरिष्ठांशीच बोलायचंय' असं तुम्ही ओरडता ना, तेव्हा जी बाई मधाळ आवाजात फोनवर येते, ती मी. गिऱ्हाइकाला कसं थकवायचं, कसं टोलवायचं, सगळं मला तोंडपाठ. त्यामुळे मला कुणी टोलवू शकत नाही, अशी माझी समजूत होती.

आमचे सासरे निवृत्त बसकंडक्टर. सगळी नोकरी उभ्यानं झाली, त्यामुळे बसायची हौस दांडगी. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आम्ही त्यांना ती मागे कलणारी खुर्ची आणली. बटण दाबलं की पाठ मागे जाते, पाय वर येतात, पुन्हा दाबलं की माणूस अलगद उभा राहतो. जाहिरातीत तरी उभा राहायचा. आमच्या खुर्चीला पाठ मागे न्यायचं ठाऊक होतं, परत आणायचं नाही. तेही रोज नाही, लहर आली की. आणि मेकॅनिक दारात आला रे आला, की मेली अशी शहाण्यासारखी वरखाली व्हायची! 'बाई, खुर्ची उत्तम आहे, तुम्हीच बटण नीट दाबत नसाल,' असं तो मला ऐकवून जायचा. मला! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

खरेदी करताना दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं, माणूस बसलेला असताना खुर्ची अडकली तर कंपनी त्याच दिवशी नवी देते. छापलेलंही होतं तसं. फक्त कंपनीच्या माणसानं ते डोळ्यांनी पाहायला हवं. म्हणून मी परत तक्रार नोंदवली, मेकॅनिकची तारीख पक्की केली आणि त्या दिवसाची रजा टाकली.

साहेबांचं तोंड आंबट झालं. "नेमकी त्याच दिवशी? अहो, त्या दिवसापासून आपल्याकडे नवीन काम—"

"साहेब, माझी रजा शिल्लक आहे. रजा हा माझा हक्क आहे, तुमचे उपकार नाहीत."

"नाही कोण म्हणतंय? पण ते काम तुमच्याच—"

"परवा सांगा. आणि रजेच्या दिवशी मला ऑफिसचा फोन नको. आला तरी मी उचलणार नाही."

ऑफिसातल्या सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. मला फार बरं वाटलं.

ठरल्या दिवशी सकाळी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, जरा बसून बघा, आज हिची काय लहर आहे ती." बाबा बसले, बटण दाबलं. खुर्ची मागे गेली, पाय वर आले, आतून खट्ट असा आवाज झाला आणि सगळं ठप्प. बटण दाबलं, ठोकलं, प्लग काढून लावला. काही नाही. पाय छताकडे आणि नजरही छताकडे, अशा अवस्थेत बाबा म्हणाले, "सूनबाई, अडकलो गं."

मला अक्षरशः आनंद झाला. आज चोर मुद्देमालासकट हाती लागला होता.

"हलू नका बाबा. अगदी असेच राहा. आज मेकॅनिकनं हे बघितलं की नवी खुर्ची आपली."

"किती वेळ?"

"येईलच तो. चहा घेता?"

चहा दिला. नळीनं. त्यांनी तोंड वाकडं करू नये म्हणून आणखी एक दिला. हे मी करायला नको होतं, पण त्या वेळी सुचलं नाही.

समोरच्या घरात एक तरुण राहतो, सकाळसंध्याकाळ व्यायाम करतो, आम्ही त्याला पैलवानच म्हणतो. आवाज ऐकून तो आला. "अरेच्चा, आजोबा! थांबा, उचलतो." असं म्हणून त्यानं बाह्या सरसावल्या.

"खबरदार हात लावशील तर!" मी मध्ये उभी राहिले. "त्यांना उचललंस की ते सुटले. ते सुटले की खुर्ची अडकलीच नव्हती असं होतं. मी हेच करते रे रोज ऑफिसात. ते पुरावा आहेत."

पैलवानानं पुराव्याकडे पाहिलं. पुराव्यानं डोळे मिटून घेतले. "मी घरीच आहे, लागलं तर हाक मारा," असं मला नाही, त्यांना सांगून तो गेला.

मेकॅनिकचा पत्ता नाही. दुपार व्हायला आली आणि बाबांच्या मोबाइलवर निरोप आला : आमचा प्रतिनिधी आपल्याकडे येऊन गेला, घर बंद होते.

घर बंद होते! मी दाराला खुर्ची लावून बसलेले, घरात एक माणूस पाठीवर आडवा, आणि घर बंद! आता हा निरोप मला काही नवा नाही, मेकॅनिकला कंटाळा आला की आमच्याकडूनही हाच जातो. पण घेणाऱ्याला तो कसा लागतो, ते मला त्या दिवशी कळलं. अंगाची लाही लाही झाली. खुर्ची बाबांच्या नावावर, म्हणून त्यांच्याच मोबाइलवरून मी कंपनीला फोन लावला. माझा मोबाइल जागा नव्हती म्हणून त्यांच्या पोटावर ठेवला.

एका नवख्या मुलीनं उचलला. "नमस्कार, मी आपली काय—"

"मदत करू शकते. काही नाही करू शकत तू. माझे सासरे तुमच्या खुर्चीत अडकलेत. आता तू म्हणशील, झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"हो... आम्ही दिलगीर आहोत."

"मग म्हणशील, बंद करून चालू करा."

"केलंत का?" मुलीचा आवाज रडवेला झाला.

"केलं. आता तुमचे वरिष्ठ दे."

फोनवर ते संगीत सुरू झालं. आणि इकडे बाबांच्या पोटावर माझा मोबाइल थरथरायला लागला. पाहिलं तर ऑफिस. मी कट केला. रजेवर आहे म्हणजे आहे.

मुलगी परत आली. "मॅडम, आमच्या वरिष्ठ फोन उचलत नाहीयेत."

"परत लाव."

संगीत. बाबांच्या पोटावर पुन्हा थरथर. पुन्हा ऑफिस. काय माणसं आहेत ही! एक दिवस सुखानं जगू देत नाहीत. कट.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "मला जायचंय."

"कुठं?"

"जिथं दोन चहा झाल्यावर जातात तिथं."

"दोन मिनिटं धरा बाबा. आत्ता वरिष्ठ येतायत."

वरिष्ठ काही आले नाहीत, मुलगीच आली. "मॅडम, त्या आज रजेवर आहेत."

माझा तोल गेला. "रजेवर? इथं म्हातारा माणूस वर पाय करून लटकलाय आणि ही बाई रजेवर? कुणी दिली तिला रजा? गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ आणि महाराणी घरी पाय पसरून बसल्यात! माझी त्या बाईविरुद्ध वेगळी तक्रार लिहून घे. बेजबाबदार, असं लिही. कामचुकार, असंही लिही. असल्या बाईला नोकरीवरून काढलं पाहिजे."

"लिहिलं मॅडम," मुलगी म्हणाली. मला वाटतं, तिनं ते मनापासून लिहिलं.

तेवढ्यात पोटावरचा मोबाइल परत वाजला. आता पोटाला कंप सोसवेना, म्हणून बाबांनीच तो उचलून कानाला लावला. "हॅलो... हो, तिचा सासरा बोलतोय... हो, घरीच आहे... नाही, ती फोनवर भांडतेय... खुर्चीवरून..." मग ते बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मान वळेल तितकं पाहिलं, आणि म्हणाले, "सूनबाई, तुझे साहेब. त्या खुर्चीच्या कंपनीचं काम आजपासून तुमच्याकडे आलंय म्हणे. एक बाई मघापासून वरिष्ठांच्या नावानं शंख करतेय, तिला आवर म्हणतात. वरिष्ठ तू आहेस."

दुसरं कुणी असतं तर तिथंच ओशाळून गप्प बसलं असतं. मी आणखी भडकले. मोबाइल हिसकावला. एका कानाला मुलगी, एका कानाला साहेब.

"साहेब, मंजूर करा. आत्ताच्या आत्ता माणूस आणि नवी खुर्ची."

"ते वरिष्ठांनीच मंजूर करायचं असतं, म्हणजे तुम्ही."

"मग मी मंजूर केलं."

"अहो, तुम्ही रजेवर आहात. रजेवरच्या माणसाला मंजुरी देता येत नाही. तुमचाच आग्रह होता. रजा रद्द करू का?"

बघा हं. एका शब्दाचं काम होतं. 'करा' म्हटलं असतं की संपलं. पण मला माझे हक्क पाठ!

"रजा रद्द? सुट्टीच्या दिवशी कामाला जुंपणार असाल तर बदली रजा द्यावी लागते. आधी ती द्या."

"ती वरून विचारावी लागेल."

"विचारा."

"थांबा जरा." आणि साहेबांनी मला होल्डवर टाकलं. डाव्या कानात संगीत, उजव्या कानात संगीत, दोन्हींचा सूर वेगळा.

"सूनबाई," बाबा म्हणाले. आवाज अगदी शांत होता. एरवी मला कळलं असतं. "सूनबाई, मी आता मागायचं सोडतो."

"बाबा, तत्त्वाचा प्रश्न आहे. आत्ता माघार घेतली तर—"

त्यांनी श्वास भरून घेतला आणि अशी हाक मारली, की भर गर्दीतल्या बसच्या मागच्या दारापर्यंत पोचली असती. "पैलवाऽऽन!"

पैलवान बहुतेक दाराला कान लावूनच बसला होता. तो आत आला, माझ्याकडे ढुंकूनही न पाहता त्यानं बाबांना उचललं, आणि दोघं आतल्या दिशेनं दिसेनासे झाले. मी दोन्ही हातांत दोन फोन, अडवणार कशानं? दार लागल्याचा आवाज आला.

त्याच क्षणी साहेब परत आले. "दिली बदली रजा. वरून होकार आला. तुमची आजची रजा रद्द, तुम्ही कामावर. करा मंजूर."

आणि दुसऱ्या कानात मुलगी म्हणाली, "मॅडम, वरिष्ठ मिळाल्या, त्या मंजूर करतायत. फक्त एकदा खात्री करायची असते. गिऱ्हाईक अजून अडकलेले आहेत ना?"

मी तोंड उघडलं. खोटं बोलणारच होते, खोटं कशाला बोलू? पण आतून पाणी सोडल्याचा दणदणीत आवाज आला आणि पाठोपाठ बाबांचं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं समाधानाचं "हाऽऽश!" 

दोन्ही फोनांत ते स्पष्ट ऐकू गेलं.

"अभिनंदन मॅडम," मुलगी म्हणाली. "आपली तक्रार निकाली काढतेय. आपला दिवस आनंदात जावो."

बाबा पैलवानाच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आले, तेव्हा माझा संताप फुटला. "बाबा, एवढंसं थांबला असतात ना, तर नवी खुर्ची आली असती! आपला हक्क होता तो!"

"हक्क तुझा असेल," बाबा म्हणाले. "पोट माझं होतं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर टेबलावर माझ्याविरुद्धची तक्रार पडलेली. बेजबाबदार, कामचुकार. माझेच शब्द. नवी मुलगी मान खाली घालून बसलेली. मी कागद बाजूला सारला, आवाजात मध घातला आणि पहिला फोन घेतला. "नमस्कार, मी वरिष्ठ बोलतेय. आपली काय मदत करू शकते?"

"माझ्या सुनेनं काल मला खुर्चीत डांबून ठेवलं," पलीकडून ओळखीचा आवाज आला. "लघवीलासुद्धा सोडलं नाही. अशा बाबतीत माझे हक्क काय आहेत?"

सबंध ऑफिस माझ्याकडे बघत होतं. साहेबही.

काय करणार? मी त्यांना होल्डवर ठेवलं.