कौतुकाची दृष्ट

पुण्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण उरकून जालिंदर वारूळवाडीला परतला, तो बदललेला माणूस होऊनच. बगलेत निळी फाईल आणि चेहऱ्यावर हसू. साहेब हसताहेत म्हटल्यावर पॅकहाऊसच्या वॉचमनने आधी मागे वळून पाहिलं, कोणी पाहुणे आलेत की काय.

त्याला पाठवलं होतं मालक चांगदेवशेठनी. जालिंदर त्यांच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसचा मॅनेजर. कामाला चोख, पण तोंडाने तिखट. त्या तोंडाला कंटाळून महिन्याभरात अकरा बायका शेजारच्या पॅकहाऊसला गेल्या होत्या.

"हंगामातला शेवटचा कंटेनर सोमवारी जायचाय," शेठ म्हणाले होते. "राहिलेल्या बायका टिकव. त्या गेल्या, तर फुडल्या साली तुझ्या खुर्चीत नाशिकचा माणूस बसंल."

फाईलमधला पहिलाच नियम होता, रोज एकाचं सर्वांसमोर मनापासून कौतुक करा. बुधवारी सकाळी जालिंदर टेबलांच्या मधोमध उभा राहिला. "लंकाबाई," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "तुमच्यासारखा कात्रीवर हात साऱ्या तालुक्यात न्हाई."

घड छाटणाऱ्या चाळीस कात्र्या थांबल्या. लंकाबाईने पटकन हात पदराखाली घेतला. बाईला गहिवरून आलं, असं समजून जालिंदर खूश झाला.

गुरुवारी लंकाबाई आली नाही. मनगट सुजलं होतं. जालिंदरने हळहळ व्यक्त केली आणि ठकूबाईकडे वळला. "ठकूबाईची नजर काय सांगू, घडातला एक सडका मणी सुटत न्हाई." शुक्रवारी ठकूबाई आली ती एक डोळा झाकून. त्यावर रांजणवाडी उठली होती. मग त्याने प्रयागबाईला गाठलं. "सात वर्षांत हिला एक दिवस उशीर झालेला न्हाई." शनिवारी प्रयागबाई येते ती जीप ओझरच्या फाट्यावर पंक्चर झाली, आणि तिच्याबरोबर त्या जीपमधल्या आणखी नऊजणींना दोन तास उशीर झाला.

जालिंदरच्या केबिनच्या दारावर लिंबू-मिरची लटकली, ती त्याच दिवशी. बायकांच्या गालांवर काजळाचे ठिपके दिसू लागले. तो टेबलाशी आला की भरभर चालणारे हात एकदम मंद व्हायचे, कोणी मुद्दाम घड सांडायची, कोणी पेटी उलटी लावायची. साहेबांना चांगलं दिसेल असं काही करायचंच नाही, असं जणू ठरलं होतं. रोज दुपारपर्यंत भरणाऱ्या हजार पेट्यांच्या जागी सहाशेच भरल्या. घाबऱ्या घाबऱ्या जालिंदरने फाईल उघडली. तिथे लिहिलं होतं, काम मंदावल्यास कौतुकाचं प्रमाण वाढवा.

तो फाईल हातात घेऊन बाहेर आला मात्र, झाडून साऱ्याजणी उठल्या आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन बसल्या.

आता मात्र तो खचला. नाशिकचा माणूस त्याला खुर्चीत बसलेला दिसायला लागला. फाईल पायरीवर ठेवून तो सगळ्यांत वयस्कर सारजाबाईसमोर उकिडवा बसला. "मावशी, माझं चुकलं काय?"

सात वर्षांत त्याने त्या बायकांना विचारलेला हा पहिला प्रश्न होता. सारजाबाईने त्याला नीट न्याहाळलं.

"साह्यब, तुमी मेंढरं राखणाऱ्या घरातलं. तुमच्या आईनं कधी कोकराला गुटगुटीत म्हटलं व्हतं का?"

जालिंदरला घर आठवलं. त्याची आई तुकाबाई चांगल्या कोकराला 'मरतुकडं' म्हणायची आणि वर थुंकल्यासारखं करायची. दोन दिवसांत पुण्याने ते सगळं पुसून टाकलं होतं.

"मग आता?"

"ज्याची लागली त्यानंच उतरवायची."

लंकाबाईला निरोप गेला. ती हाताला पट्टी बांधून आली, तशा सगळ्याजणी पॅकहाऊसच्या आत आल्या. जालिंदरने मीठ-मिरच्या मुठीत घेऊन तिच्यावरून सात वेळा ओवाळल्या, मग ठकूबाईवरून, मग प्रयागबाईवरून, आणि शेगडीत टाकल्या. ठसका उठला नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "बघा," सारजाबाई म्हणाली, "केवढी जबर व्हती."

शेगडी ठेवली होती नेमकी भिंतीतल्या मोठ्या पंख्याखाली, आणि पंखा सगळा धूर बाहेर ओढत होता. जालिंदरला ते दिसत होतं. तो सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने ते मिटलं. समोरच्याचं म्हणणं खोडू नका, हाही फाईलमधलाच नियम; प्रशिक्षण जर कुठे कामी आलं असेल, तर ते इथे.

"आता बोलू कसं तुमच्याशी?" त्याने विचारलं.

"कौतुक नगं," लंकाबाई म्हणाली. "सुजल्या हाताला औषध घेतलं का, एवढं इचारा. लई झालं."

त्याने विचारलं. नारायणगावच्या डॉक्टरकडे आपल्या मोटरसायकलवरून तिला नेऊनही आणलं. रविवारी कोणी न सांगता चाळीसजणी कामावर हजर झाल्या, आणि टेबलामागे स्टूल टाकून लंकाबाई एका हाताने लेबलं चिकटवत बसली.

सोमवारी संध्याकाळी कंटेनरचं दार बंद झालं. चांगदेवशेठ कधी नव्हे ते भारावले होते. जालिंदरच्या खांद्यावर हात टाकून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "असा मॅनेजर साऱ्या जुन्नर तालुक्यात शोधून सापडायचा न्हाई."

अंगणातल्या बायकांचे डोळे जालिंदरवर खिळले. त्याने हळूच पायाखालची पायरी पाहिली, मग आपली मोटरसायकल पाहिली. शेवटी नजर सारजाबाईकडे गेली.

ती आधीच उठली होती. लंकाबाईने धडधाकट हाताची मूठ पुढे केली, तिच्यात मीठ होतं.

"आत येऊन बसा खाली, साह्यब," सारजाबाई म्हणाली. "आन कुनीतरी तो पंखा बंद करा. आपल्या मानसाची नीट काढाया पायजे."