टेलएंडला प्रेशर

ज्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येई आणि लोक तोंड धुतलेल्या पाण्यात पाय धूत, त्या उन्हाळ्यात उत्तमराव खिल्लारे, म्हणजे आमचे घरमालक काका, आपल्या मोटारीला रोज एक तांब्या पाणी पाजत. ‘पाजणं’ हा शब्द त्यांचाच. बॉनेट उघडायचं, इंजिनाच्या कुशीला बसवलेल्या फ्युएल पंपावर फडकं ठेवायचं आणि त्यावर तांब्याची बारीक धार धरायची. गल्लीतल्या बायका हंडे घेऊन ते बघत उभ्या असत. त्यांच्या नजरा मला लागत. काकांना लागत नसत.

मी काकांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. मूळचा सावंतवाडीकडचा. शाळा नववीत सोडली. शाळेनेही फारसं अडवलं नाही. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला म्हणून आलो, तिथून वर्षभरात सुटलो आणि मुकुंदवाडीत रशीदभाईंच्या गॅरेजात चिकटलो. आमच्या गावी पाणी न बोलावता कौलांतून घरात येतं. इथे ते बोलावूनही येत नाही हे कळल्यावर मी इतका घाबरलो, की पहिल्या दिवशी काकांनी “पाणी किती लागतं तुला?” असं विचारताच म्हणालो, “काही नको.”

“काही नको म्हंजी? माणूस हायेस का निवडुंग?”

मी माफी मागितली. मी तेव्हा सगळ्यांचीच माफी मागत असे. एकदा तर रिक्षाने मला धडक दिल्यावर रिक्षाचीही मागितली होती. काकांनी माझ्या खोलीत एक निळा ड्रम आणून ठेवला, अर्धा भरून. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव टाकून दिलं आणि मला ‘कोकण’ म्हणायला लागले.

काका पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. बावीस वर्षं लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकून सायकलने फिरले. या भागाचं पाणी सोड, त्या भागाचं बंद कर. शहर तेव्हा पावसाळ्यात शेवाळ पसरावं तसं पसरत होतं. कालपर्यंत ज्वारी होती तिथे आज गुंठेवारीचे प्लॉट आणि परवा तिसरा मजला. पाइप तोच, घरं वाढत गेलेली. त्यामुळे लाइनीच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे टेलएंडला, पाणी पोचतं की नाही ही त्यांची नोकरीतली काळजी. निवृत्तीनंतर नोकरी गेली, काळजी राहिली.

“टेलएंडला प्रेशर हाय का?” हे ते कशाबद्दलही विचारत. चौदा एप्रिलच्या जेवणाला पहिल्या पंगतीत मानाने बसवलं तर उठून शेवटच्या ओळीत जाऊन उभे राहत. “इथं बुंदी आली का? नाय ना? बगा. म्या म्हणलंच होतं.” मी आठवडाभर घरी फोन केला नाही, तर दारात येऊन म्हणत, “आईला फोन लाव रं. तू हितं मेन लाइनीवर बसलास, ती बिचारी टेलएंडला.” मी लगेच लावायचो. काकांच्या धाकाने आईला माझा फोन जितका जायचा, तितका प्रेमाने कधी गेला नसता.

मोटार माझ्याहून वयाने मोठी होती. गोल दिवे, रंग एके काळी दुधाळ. निवृत्तीनंतर काकांनी ती एका डॉक्टरांकडून घेतली. अकराच्या सुमाराला गल्लीत टँकर यायचा. काका आपल्या वाट्याच्या पाण्याने दोन मोठे कॅन भरत, मागच्या सीटवर ठेवत, त्यांना दोरीने बांधत आणि भर बारा वाजता निघत. कुठे, विचारलं तर “राउंड.” एवढंच. गल्लीचं मत होतं, की काका पाणी विकतात. गल्लीच्या दुसऱ्या गटाचं मत होतं, की काकांचं दुसरं घर आहे. मी घाबरट असल्यामुळे माझी दोन्ही मतं होती.

खोट होती ती गाडीत. मागच्या टाकीतलं पेट्रोल पुढे ओढून आणणारा तो पंप इंजिनालाच चिकटलेला. मराठवाड्याच्या मे महिन्यात इंजिन तापलं, की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, पंपाला ओढायला काही उरायचं नाही आणि गाडी बंद. काका याला ‘लाइनीत हवा धरली’ म्हणत. मग ओलं फडकं, तांब्या, अर्धा तास थांबणं. गाडी पुन्हा चालू.

एके दुपारी काका राउंडवरून आले ते तोंड पाडूनच.

“आज चढावर दोनदा थांबली. तांब्या पुरला नाय. कॅनमधून काढावं लागलं.”

“मग काय झालं काका, तुमचंच पाणी ना?”

“कॅनमधलं माझं नसतंय.” मग बॉनेटवर थाप मारून म्हणाले, “काय तरी कर, कोकण. राउंड चुकता कामा नाय.”

मला आजवर कुणी काही कर म्हटलं नव्हतं. म्हटलं होतं ते ‘करू नकोस’. मी रशीदभाईंना विचारलं. ते पान चघळत म्हणाले, “इसकू भंगार में देव ना मियाँ. काकाकू बोलो, सायकल अच्छी.”

मी काकांना तसं बोललो नाही. मी इलेक्ट्रिक पंप बसवायचं ठरवलं. टाकीजवळ, इंजिनाच्या आचेपासून लांब, पेट्रोल मागून ढकलणारा. मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले, त्यातले दोन तमिळमध्ये होते. जुन्या बाजारात जाऊन मी एका नव्या जातीच्या गाडीचा पंप उचलला. जितका ताकदवान तितका चांगला, हा माझा सिद्धान्त. नववीपर्यंतच्या शिक्षणात त्याला कुणी आव्हान दिलं नव्हतं. रविवारी पंप बसवला, जुन्या नळ्या काढून नव्या घातल्या, वायर ओढली. प्रत्येक नटाला मनात नवस बोललो. काका खुर्ची टाकून बसले होते. गल्लीही जमली होती, कारण मी शनिवारीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

चावी फिरवली. पंप घुमला. आणि इंजिन सुरू व्हायच्या आत कार्बोरेटरच्या वरून पेट्रोलचा झरा फुटला.

“चावी काढ!” काका ओरडले. मी चावी काढली आणि घाबरून ती खिशात घालून गल्लीच्या टोकापर्यंत पळालो. परत आलो तेव्हा काकांनी बॅटरीची वायर सोडवून, सगळ्यांना लांब उभं करून, सांडलेल्यावर माती टाकलेली होती. ते हसत होते.

“धरणाची मेन लाइन थेट घरच्या तोटीला जोडलीस व्हय रं?”

खरंच होतं. ज्या गाड्यांत पेट्रोलचा फवारा मारतात, त्यांचा तो पंप. कार्बोरेटरला लागते नुसती ओंजळभर धार. रशीदभाईंनी ऐकलं तेव्हा ते पान थुंकून हसले, पण हसून झाल्यावर कपाटातून कमी दाबाचा, टिकटिक करणारा एक लहान पंप काढून दिला. “ये लगाव. और काका बोलेंगे वैसा करो. पानी का आदमी है वो.”

काकांनी सांगितलं ते असं, की कार्बोरेटरच्या आधी एक फाटा काढायचा आणि उरलेलं पेट्रोल दुसऱ्या नळीने टाकीत माघारी सोडायचं. “एका जागी थांबलं की तापतं. फिरतं ठेव.” माझ्या तीन व्हिडिओंत जे मला कळलं नव्हतं, ते त्यांनी खडूने फरशीवर काढून दाखवलं. मी बसवलं. काकांनी नोकरीतली लोखंडी सळई आणली. जमिनीखालची गळती ऐकायला ते एक टोक पाइपला आणि दुसरं कानाला लावत. ती पंपाला लावून डोळे मिटले. “चाललंय,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी “चल, राउंडला,” म्हणाले. मी वाटेत ढकलायला लागेन म्हणून नेतायत असं समजून जुने बूट घातले. ऊन असं, की डांबर टायरला चिकटत होतं. मी पंप तपासत होतो, म्हणजे श्वास रोखून बसलो होतो. मुकुंदवाडी स्टेशन मागे पडलं, रूळ ओलांडले, प्लॉटिंगच्या पाट्या लागल्या, मग तो चढ. गाडी एकदाही न थांबता वर गेली. काकांच्या पायाशी भरलेला तांब्या तसाच होता.

चढाच्या वर एकटं पत्र्याचं घर. पुढे रस्ता नाही, पाइपही नाही. दारातल्या नळाखाली एक पातेलं पालथं घातलेलं. सत्तरीची एक बाई बाहेर आली.

“आलास व्हय भाऊ? आज लवकर?”

“व्हय गोदामावशी. गाडी नवी झाली.”

आम्ही दोन्ही कॅन तिच्या ड्रममध्ये रिकामे केले. पाणी पडताना बघून तिची जीभ सुटली.

“हे असं पाणी आमच्या नळाला बावीस वर्षांत आलं नाय बग. तोटी सोडली की नुसती हवा, फुस्स. तो एक व्हॉल्व्हमन व्हता, मुडदा. सायकलीवर यायचा, चावी फिरवायचा, जायचा. मी पातेलं धरून बसलेली. मागं वळून बघितलं नाय कधी.”

मी काकांकडे पाहिलं. ते कॅनची झाकणं लावत होते.

“लई नालायक असंल,” काका म्हणाले.

“मेला असंल आता.”

“व्हय. असंल.”

मग त्यांनी गाडीतला तांब्या आणला आणि तोही तिच्या ड्रममध्ये ओतला. “हे गाडीचं उरलं.”

परत बसल्यावर मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, “तिला सांगू नकोस. कळलं तर पाणी घेणार नाय.”

मला सवयीने “माफ करा” म्हणायचं होतं, पण कुणाच्या वतीने आणि कुणाला, ते ठरेना. काकांनी चावी अर्धी फिरवली. मागे पंप टिकटिकू लागला, आधी भराभर, मग नळी भरत गेली तसा हळू, आणखी हळू. काका मान तिरकी करून ऐकत होते. आरशात गोदामावशी पातेलं सुलटं करून ड्रमातून पाणी काढताना दिसत होती.

“पोचलं,” काका म्हणाले. पण गाडी त्यांनी बराच वेळ सुरू केली नाही.