उशीवरची जास्तीची फुलं

'घारीची नजर, हरणाचे कान, मुंगीचं नाक आणि हत्तीची स्मरणशक्ती लाभलेले, सोनाळ्याचे पहिले व अखेरचे खाजगी गुप्तहेर, शालिग्राम.' आमच्या दारावरची ही पाटी यांनी स्वतःच लिहिली आहे. एका माणसात इतकी जनावरं राहायला आली की खुद्द माणसाला जागा उरत नाही, हे मी बायको म्हणून सांगते. तीस वर्षं हे एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तेव्हा शिट्टी घरी घेऊन आले आणि मला असिस्टंट नेमलं. नेमताना मला विचारलं नाही, पण लग्नाच्या वेळीही कोणी विचारलं नव्हतं.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी शेजारच्या गीताबाई आल्या.

"वैनी, भाऊ हायेत का घरी? आमच्या इथं चोरी झाली म्हनाव का काय म्हनाव, मलेच समजून नाई राह्यलं."

"काय गेलं?" यांनी वही उघडली.

"गेलं काईच नाई. आलं."

यांनी वही मिटली, पुन्हा उघडली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी आणून ठेवलंय.

झालं होतं असं. गीताबाईंच्या राखीचं लग्न चार दिवसांवर होतं. मुलगा जळगाव जामोदचा. त्याची आई, रुक्मिणीबाई, मोठी करारी. त्यांनी फोनवर बजावलं होतं, "रुखवतात इकतचं नको मांडू, पोरी. तुया हातचं पाह्यजे." राखीनं सगळं घरीच केलं, आणि शेवटी सोफ्यावर टेकायची एक उशी करायला घेतली. मांजरपाटाची खोळ शिवली, भेंडी आडवी चिरली, तिचा काप निळ्या रंगात बुडवून कापडावर छापा मारला की पाच पाकळ्यांचं फूल. पहिला छापा दाट बसतो, म्हणून तो आधी रद्दी कागदावर मारायचा आणि दुसरा कापडावर. चार कोपऱ्यांत चार फुलं मारून तिनं खोळ ओसरीतल्या बाजेवर वाळत टाकली. दुपारी सगळे झोपून उठले तर फुलं सहा. दुसऱ्या दिवशी आठ. आम्ही गीताबाईंच्या ओसरीत गेलो.

"काका, उद्या सासूबाई यीऊन राह्यल्या हळदीची साडी घीऊन," राखी रडवेली झाली होती. "त्याईनं इचारलं का, हे सगळं तूच केलं? तर मी काय सांगू? हो म्हनलं तर खोटं, नाई म्हनलं तर कोनं केलं ते मले मालूम नाई. पहिल्याच दिवशी खोटारडी ठरीन मी."

मला पोरीची खरंच दया आली. यांना आली नसावी, कारण हे बाजेखाली शिरले होते.

बाजेखालून हे एक चुरगळलेलं तिकीट घेऊन निघाले. "चिखली ते जळगाव जामोद," यांनी गंभीर आवाजात वाचलं. "प्रकरण साधं नाही. रुखवत बिघडवणारी आंतरतालुका टोळी चिखलीहून आलेली आहे."

"ते तिकीट तुमच्याच खिशातून पडलं," मी म्हटलं. "परवा तुम्हीच चिखलीहून आलात, बहिणीकडून."

"याचा अर्थ टोळी माझ्या मागावर आहे," यांनी वहीत लिहिलं.

संध्याकाळपर्यंत टोळी मागे पडली आणि नवा सिद्धांत आला. मांजरपाट म्हणजे कापूस. कापूस म्हणजे सरकी. विणताना एखादी सरकी आत राहिली असेल आणि उकाड्यानं उगवली असेल, तर दिवसाला दोन फुलं हा हिशेब बरोबर बसतो. खात्री करायला यांनी तांब्याभर पाणी आणलं. राखीनं खोळ छातीशी धरली आणि घरभर पळाली. तिच्या मागे हे तांब्या घेऊन आणि यांच्या मागे मी. माझ्या वयाला ते शोभत नव्हतं.

तांब्या मी काढून घेतल्यावर यांनी घरातल्या सगळ्यांची बोटं तपासली. गीताबाईंच्या बोटांना हळद होती. राखीच्या बोटांना निळा रंग होता, पण तक्रारदार राखीच. तेवढ्यात राखीचे वडील, तुळशीराम, वावरातून आले. भाजीपाल्याची शेती करणारा माणूस. दिवसाला चार शब्द बोलणार, आणि त्यातले दोन बैलांशी. त्यांनी हात पुढे केले. उजव्या हाताची तीन बोटं निळी.

"हे काय?" यांनी विचारलं.

तुळशीरामभाऊंनी बोटं धोतराला पुसली. "मोरचूद," ते म्हणाले. "फवारा मारला."

यांनी वहीत लिहिलं, 'तुळशीराम. कष्टाळू. संशय नाही.' वर मला समजावलं, "दुपारी जो माणूस घरी नसतो, तो दुपारचा गुन्हेगार असूच शकत नाही."

"जेवायला येतात ना ते घरी," मी म्हटलं.

"जेवणारा माणूस दोन्ही हातांनी कामात असतो," हे म्हणाले. आमच्याकडे सगळे एका हातानं जेवतात, पण असिस्टंटनं किती बोलायचं याला मर्यादा असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी यांनी बाजेला लागून खुर्ची टाकली. गळ्यात शिट्टी, डोक्यावर गरगरणारा पंखा. "आज मी पापणी लवू देणार नाही," असं म्हणून यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तुळतुळीत डोक्याला हवा लागली की विचार वेगानं धावतात, असं यांचं म्हणणं आहे. मी आत गीताबाईंना साड्यांच्या घड्या घालू लागले. पाचच मिनिटांत यांच्या विचारांचा आवाज आत ऐकू यायला लागला. तो घोरण्यासारखा होता.

तीनच्या सुमाराला शिट्टी वाजली. आम्ही धावत गेलो. हे खुर्चीवर उभे होते.

"मी क्षणभरही झोपलो नाही," यांनी जाहीर केलं. "इथं माशीसुद्धा फिरकली नाही. तरीही दोन फुलं वाढली आहेत. तेव्हा सिद्ध होतं की गुन्हेगार अदृश्य आहे."

राखी खोळीकडे पाहतच नव्हती. ती यांच्या डोक्याकडे पाहत होती. गीताबाईंनी तोंडाला पदर लावला. यांच्या टकलावर बरोबर मध्यभागी एक ठसठशीत निळं फूल उमटलं होतं.

त्याच घटकेला रुक्मिणीबाई दारात आल्या, काखेत साडीचा डबा घेऊन. त्यांनी आधी यांचं डोकं पाहिलं, मग खोळ पाहिली. राखीचा चेहरा उतरला. रुक्मिणीबाई बाजेवर बसल्या आणि बोटानं पाकळ्या मोजायला लागल्या. पन्नास वर्षं भाजीच्या वावरात काढलेली बाई ती.

"हे चार फुलं पाच पाकळ्याचे. बाजारची भेंडी," त्या म्हणाल्या. "हे बाकीचे समदे आठ-आठ पाकळ्याचे. आन या भाऊच्या डोक्श्यावरचंबी आठचंच. आठ शिरांची भेंडी म्हंजे गावरानी, बाजारात येत नाई. बियाले ठेवलेली असते बांधावर. कोनाच्या बांधावर हाये?"

आम्ही सगळे वळलो. कोपऱ्यात तुळशीरामभाऊ उभे होते. हातात अर्धी भेंडी.

"बाबा?" राखी म्हणाली.

तुळशीरामभाऊ भेंडीकडे पाहत बोलायला लागले, आणि मी त्यांना इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "मायनं शेवया शिकवल्या, कुरडया शिकवल्या. पोरीनं उशी केली. रुखवतात बापाचं काय हाये? म्या निस्ते मांडवाचे खांब पाह्यले. तुया संगं माया हातचंबी कायी जावं, असं वाटलं. सांगाची लाज वाटली."

"आन काकाचं डोकं काऊन रंगवलं?"

"पहिला छापा दाट बसते ना. तूच म्हनत होती. पंख्यानं कागद उडून गेला." त्यांनी यांच्याकडे पाहिलं. "भाऊचं डोक्सं जवळ होतं. साफ होतं."

राखी बापाच्या गळ्यात पडली आणि हमसून रडली. गीताबाईही रडल्या. मीही रडले, लपवून काय उपयोग. थोड्या वेळानं राखीनं डोळे पुसले आणि सासूकडे वळली. "मामी, तुमी म्हनलं होतं, तुया हातचं पाह्यजे. हे निस्तं माया हातचं नाई."

रुक्मिणीबाईंनी खोळ मांडीवर घेतली. "हातचं पाह्यजे म्हनलं होतं म्या, पोरी. एकाच हातचं पाह्यजे, असं नोतं म्हनलं." मग तुळशीरामभाऊंना म्हणाल्या, "इवाई, मधात जागा रिकामी हाये. भेंडी सुकाच्या आत मारा एक."

तुळशीरामभाऊंनी यांच्या डोक्याकडे पाहिलं. हे घाईघाईनं टोपी घालून बाहेर गेले.

घरी आल्यावर यांनी वहीत लिहिलं, 'केस सुटली. गुन्हेगार माझ्या डोक्यात होता.' मी साबण, रॉकेल, लिंबू सगळं चोळून पाहिलं, पण कापडाचा रंग उष्णतेनं पक्का होतो आणि त्या दिवशी आमच्याकडे पंचेचाळीस अंश होतं. पाकळी हलली नाही.

लग्नात रुखवत मांडलं. उशीपुढे राखीनं कागद ठेवला होता, 'राखी आणि बाबा'. बंदोबस्ताला म्हणून हे शेजारीच उभे राहिले, हात मागे बांधून, उकाड्यानं टोपी काढून. नवरदेवाकडचे एक म्हातारबुवा एकेक वस्तू न्याहाळत आले. उशी पाहिली, शेवया पाहिल्या, मग यांच्यापुढे थांबून बराच वेळ डोकं पाहत राहिले.

"हेबी पोरीनंच केलं काय?" त्यांनी विचारलं.

"नाई," मागून तुळशीरामभाऊ म्हणाले. "ते म्या केलं."