आम्ही सगळे न हलता

त्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं, वारा म्हणून नाही, आणि भर दुपारी घरात दिवा लावावा असा अंधार. फोटो काढायला याहून वाईट दिवस शोधूनही मिळाला नसता. पण मी ठरवलं होतं.

कारण मुलाने सकाळीच विचारलं होतं, "बाबा, पलंगाखालचे ते कॅमेरे उद्या भंगारवाल्याला देऊ ना? एकातून तरी फोटो निघतो का अजून?"

"निघतो," मी म्हटलं. (निघतो की नाही, मलाही ठाऊक नव्हतं.)

"मग आज सगळ्यांचा काढा. निघाला तर राहू देत."

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण जन्मभर एका फोटो स्टुडिओत पडदे ओढले. नात आणि नातवाला समोर बसवून मी लाकडी कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर चढवला आणि आत फोटोचा कागद सरकवला.

"याला बटण नाही. तोंडावरचं झाकण काढायचं, उजेड आत जाऊ द्यायचा, झाकण परत लावायचं. तोवर माणसाने हलायचं नाही."

"आणि शिंक आली तर?" नातू म्हणाला.

"गिळायची."

मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडं, चौघं ओळीने बसली. मी झाकण काढलं. मग वाटलं, सगळ्यांचा म्हणजे मीही हवाच. म्हणून लगबगीने (माझी लगबग म्हणजे इतरांचं रेंगाळणं) मधल्या खुर्चीत जाऊन बसलो.

जरा वेळाने नात ओठ न हलवता म्हणाली, "आजोबा, झाकण कोण लावणार?"

हा विचार मी केलाच नव्हता.

"बोलू नकोस," मी दातांतून म्हटलं. उठलो तर फोटो बिघडणार, कॅमेरे भंगारात जाणार. बसून राहिलो.

स्वयंपाकघरात दूध उतू जाऊ लागलं. सून ढिम्म. बेल वाजली. कुणी ओ दिली नाही. दार उघडंच होतं, तेव्हा शेजारच्या नर्सबाई आत आल्या.

"अहो, दूध जळतंय तुमचं."

पाच माणसं डोळे ताणून एकाच दिशेला बघतायत, हे पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझी नाडी धरली. ती लागल्यावर जिवात जीव आला, आणि आम्ही एवढं काय बघतोय म्हणून त्या नेमक्या माझ्यापुढे उभं राहून कॅमेऱ्याकडे वळल्या.

मला म्हणायचं होतं, बाजूला व्हा. स्टुडिओतल्या सवयीने तोंडातून गेलं, "हलू नका."

दवाखान्यातलं माणूस. हुकूम म्हटला की हुकूम. त्या खांबासारख्या उभ्या राहिल्या. इकडे नातू हसू दाबताना थरथरू लागला, त्याचं पाहून नात आणि मुलगाही हलले, आणि शेवटी धूर बाहेर आला तेव्हा सून उठली, जाता जाता झाकण लावलं आणि गॅसकडे धावली.

मोरीत लाल दिव्याखाली नातवंडांनी माझ्या हाताबरोबर हात घालून कागद धुतला. फोटो निघाला. नर्सबाईंचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्वच्छ. मागे आमच्या घरचे हललेले चौघं म्हणजे नुसते चार धुराचे लोट. मी नर्सबाईंच्या आड पुरता गडप, खाली फक्त माझ्या चपला.

मुलाने फोटो उलटसुलट करून बघितला. "निघतो खरा," म्हणाला, आणि कॅमेऱ्यांची पेटी स्वतःच परत पलंगाखाली सारली.

फोटो मी नर्सबाईंना दाखवायला नेला. चष्मा लावून त्यांनी तो खिडकीशी धरला.

"काका, इतका छान फोटो माझा आजवर कुणी काढला नव्हता. मागचे हे डाग तेवढे पुसता आले तर बघा."